मामीसाहेब, रावजी आणि मंगळवारचा बाजार

ग्वाल्हेरचा किल्ला कोणाच्या सांगण्यावरून जागचा हललाच, तर तो आमच्या मामीसाहेबांच्या सांगण्यावरून हलेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्या पायथ्याशी उभ्या राहून, पदर सावरून, 'जरा सरकता का, ऊन अडतंय' असं इतक्या अदबीनं म्हणतील, की एवढे तोफगोळे पचवलेला तो डोंगर ओशाळून हातभर मागे होईल. आमच्या मराठ्यांच्या जुन्या घरांत पाळण्यातल्या मुलालाही अहोजाहो करायची रीत. 'उठा राजे, दूध घ्या राजे' ऐकत आम्ही वाढलो आणि शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी 'ए गधे' म्हटल्यावर माझ्या मागे कोण उभं आहे हे मी खरोखर वळून पाहिलं. पुढे बाकीच्या घरांतून ही रीत भिंतीवरच्या तलवारींसारखी गंजत गेली. आताची मुलं मराठीत जेवतात आणि हिंदीत भांडतात. मामीसाहेबांनी मात्र ती इतकी जोपासली, की घरातल्या माणसांना पुरून उरली आणि उरली ती भांड्याकुंड्यांवर सांडली. कुकरची शिट्टी झाली की त्या आतल्या खोलीतून 'आले, आले' म्हणतात. दूध उतू जायला लागलं की 'थांबा हो' म्हणतात, आणि शपथेवर सांगतो, ते थांबतं. एकदा झुरळावर चप्पल उगारून त्यांनी आधी 'माफ करा' म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. झुरळ ऐकायला थांबलं, म्हणून तर नेम लागला.

मामासाहेब सरकारी नोकरीत होते. ते गेले तेव्हा मागे थाटीपुरातलं तीन खोल्यांचं घर, नुसत्या खिशांचंच शिवलंय असं वाटावं असं एक खाकी जाकीट आणि पुष्कळशी शांतता ठेवून गेले. चिरंजीव पुण्याला. दर रविवारी त्यांचा फोन येतो. 'आईसाहेब, बरं आहे ना?' 'बरं आहे.' 'जेवलात?' 'जेवलो आम्ही. आपण?' 'हो. ठेवू?' 'ठेवा.' एवढ्या शब्दांवर पुढचा रविवार गाठायचा. समोरच्या सरकारी क्वार्टर्समधली ओळखीची कुटुंबं बदल्या होऊन पांगली, आणि दुधाची पिशवी टाकणारा हल्ली वर न बघताच टाकतो. मामीसाहेबांजवळ अदब तर पोत्यांनी शिल्लक होती, द्यायला गिऱ्हाईक नव्हतं.

अशात त्यांना रावजी भेटले. टोपी बाजारातल्या एका ठोक व्यापाऱ्याच्या दुकानापुढे, भर वाटेत, एक तांबूस-करड्या रंगाचं कुत्र्याचं पिल्लू पसरलं होतं. लोक त्याच्यावरून उड्या मारून जात होते, हातगाडीवाले शिव्या घालत होते. मामीसाहेब थांबल्या आणि म्हणाल्या, 'जरा वाट देता का?' पिल्लू उठलं, अंग झटकलं आणि बाजूला झालं. टोपी बाजार वसल्यापासून तिथे कोणी कोणाला मागितल्याबरोबर वाट दिल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. अशा संस्कारी जीवाला रस्त्यावर कसं सोडायचं, म्हणून मामीसाहेब त्याला घरी घेऊन आल्या. नाव ठेवलं रावजी. रावजींचा एक कान सलामी देत असल्यासारखा उभा आणि दुसरा झोपलेला. त्यांना 'बैठ' म्हटलं तर ते तोंड फिरवतात; 'बसा रावजी' म्हटलं की चारही पाय आवरून असे बसतात, की आपल्यालाच उभं राहावंसं वाटतं.

या दोघांचा सगळ्यात मोठा शौक म्हणजे मंगळवार. मंगळवारी सकाळी मामीसाहेब मामासाहेबांचं खाकी जाकीट साडीवर चढवतात, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला थर्मासची पिशवी, आणि रावजींना घेऊन बसनं डबऱ्याच्या पलीकडच्या एका गावी बाजाराला जातात. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथला खवा मी अजून खातो. पहिल्या दिवशी कंडक्टरनं 'कुत्ता नहीं जाएगा' म्हटलं. मामीसाहेब म्हणाल्या, 'भाईसाहब, आप इनसे खुद कह दीजिए.' कंडक्टरनं रावजींकडे बघितलं, रावजींनी कंडक्टरकडे, आणि तेव्हापासून ड्रायव्हरच्या मागची खिडकी रावजींची झाली. त्या खिडकीतून ते मोहरीची हिरवी शेतं, विटांच्या भट्ट्या, म्हशी असं सगळं बघत जातात आणि ओळखीची म्हैस दिसली तर मान किंचित झुकवतात. बाजारात उतरल्यावर दोघांचा क्रम ठरलेला. आधी केरसुण्यांची रांग, मग बांगड्या, मग बियाणी, मग लोहाराकडे घटकाभर उभं राहून ठिणग्या बघायच्या. घ्यायचं काहीच नसतं. एकटीला केरसुण्या लागतात किती? एक पेरू दोघांत, जिलबीचं एक वेढं रावजींना, आणि शेवटी खवेवाल्यांच्या ओळीत, ज्याला तिकडे मावा म्हणतात त्या खव्याच्या पांढऱ्या टेकड्यांच्या मधोमध, गिर्राज नावाच्या खवेवाल्याच्या दुकानापुढे खुर्चीवर बसायचं.

त्या खुर्चीबद्दल मी मामीसाहेबांकडून इतकं ऐकलं होतं, की दिल्लीच्या तख्ताबद्दलही एवढं कोणी ऐकवलं नसेल. 'भाचेराव,' त्या मला सांगायच्या, 'आम्ही दिसलो की गिर्राज उठून उभे राहतात. स्वतः खुर्ची पुसतात. चहा येतो. शेजारचे दुकानदार हात जोडतात. एका मंगळवारी आम्हाला ताप होता, गेलो नाही, तर पुढच्या वेळी सगळ्यांनी विचारलं, पिछले हफ्ते क्यों नहीं आईं? आपल्या लष्कर भागात तरी राहिली आहे का अशी रीत? चला एकदा, आमची माणसं दाखवतो तुम्हाला.' मी निवृत्त माणूस. आमच्या सौभाग्यवती नातवाचं करायला नागपूरला गेल्यापासून घरी मी आणि टीव्ही, आणि त्यातला टीव्ही जास्त बोलका. म्हटलं, चला.

मामीसाहेबांनी सांगितलं होतं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या ओळीच्या तोंडाशी पोहोचल्या मात्र, आणि 'मैडम आ गईं' अशी कुजबुज वाऱ्यासारखी पुढे गेली. गिर्राज उठला. खुर्ची आली. मामीसाहेब बसल्या, रावजींना 'बसा' म्हणाल्या, ते बसले, आणि गप्पा सुरू झाल्या. गप्पा म्हणजे मामीसाहेबांचे प्रश्न. दूध कुठलं? म्हैस घरची का? काय खाते? खवा किती वेळ आटवता? लाकडावर की गॅसवर? रंग आज जरा वेगळा दिसतो, का बरं? एकट्या माणसाला बोलायला कोणी मिळालं की तो असाच एकातून एक प्रश्न काढत राहतो, समोरच्यानं उठू नये म्हणून. गिर्राज घाम पुसत उत्तरं देत होता. 'घर की भैंस है मैडम जी. भूरी.' 'ठीक तो है न वो? पिछली बार आपने कहा था, खाँसती है.' 'जी, अब भी थोड़ी खाँसती है.' मामीसाहेबांनी थर्मासच्या पिशवीतून पुडी काढली. 'सोंठ और गुड़ है. भूरी को सवेरे दीजिए.' गिर्राजनं ती पुडी प्रसादासारखी कपाळाला लावली.

तेवढ्यात रावजी उठले, शेजारच्या परातीतल्या खव्याचा वास घेतला आणि नाक मुरडून परत आले. त्यांना मुळात गोड म्हणजे फक्त जिलबी. पण त्या परातीचा मालक पांढराफटक पडला, त्यानं परातीवर गोणपाट टाकलं आणि परातीसकट नाहीसा झाला. मग गिर्राजनं मला हळूच बाजूला घेतलं.

'आप मैडम के चपरासी हैं?'

'भांजा हूँ.'

'अच्छा, अपने घर का ही आदमी रखा है. ठीक किया.' मग आणखी जवळ येऊन, 'बस एक बात बता दो साहब, ये कुत्ता किस पोस्ट पर है?'

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या कुत्र्याला एवढ्या वयाची बाई आप म्हणते, जो बसमध्ये खिडकीत बसतो, तो सरकारी नोकरीत नसेल तर कोण असेल? जी बाई खाकी जाकीट घालून येते, म्हशीपासून चुलीपर्यंत चौकशी करते आणि पावशेरही विकत घेत नाही, ती भेसळ पकडणाऱ्या खात्याची साहेब नसेल तर कोण असेल? मामीसाहेबांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं म्हणे, 'मैं कोई नहीं हूँ.' त्यावर सगळी ओळ समजूतदारपणे हसली होती आणि गिर्राज म्हणाला होता, 'जी मैडम, किसी को पता नहीं चलेगा.' रावजींच्या धाकानं त्या बाजारातला खवा एवढा शुद्ध झाला होता, की सुरुवातीला पंचक्रोशीतल्या लोकांची पोटं बिघडली, सवय नव्हती.

परतीच्या बसमध्ये मी तोंड उघडणार होतो. पण मामीसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, 'बघितलंत ना भाचेराव? आम्ही त्यांना सांगतो की आम्ही कोणी नाही. तरी मान देतात. जुनी माणसं. त्यांच्याकडे अजून रीत आहे.' त्यांच्या अदबीला बाजारानं हुद्दा समजलं होतं, आणि बाजाराच्या भीतीला त्यांनी अदब. दोन्हीकडचा हिशेब इतका चोख जुळला होता, की मध्ये बोट घालायची माझी छाती झाली नाही. शिवाय या बाईचा सबंध आठवडा त्या एका खुर्चीवर उभा होता. ती काढून घेऊन त्यांना बसायला देणार काय होतो मी? मग दर मंगळवारी, त्यांना सोबत हवी या सबबीवर, मीही जायला लागलो. सत्य कुठून येताना दिसलं तर वाटेतच अडवावं, असा विचार.

सत्य जीपमध्ये बसून आलं. थंडीचे दिवस होते. खात्याची खरीखुरी माणसं ओळीच्या तोंडाशी उतरली आणि काचेच्या बाटल्यांत नमुने भरू लागली. बाजारात पळापळ झाली नाही, हे विशेष. सगळे निर्धास्त मामीसाहेबांकडे बघत होते. तरुणसा अधिकारी गिर्राजपुढे आला तेव्हा गिर्राज छाती काढून म्हणाला, 'साहब, हमारा माल तो मैडम हर हफ्ते देखती हैं.'

'कौन मैडम?'

गिर्राजनं खुर्चीकडे हात केला. अधिकाऱ्यानं बघितलं. खाकी जाकीट, कॅनव्हासचे बूट, शेजारी एक कान मोडलेला कुत्रा. तो मुलगा उद्धट नव्हता. वाकून म्हणाला, 'माताजी, आप कौन हैं?'

आता आमच्या मामीसाहेबांना हा प्रश्न लग्नकार्यात कोणी विचारला, तर उत्तर संपेपर्यंत पंगत उठते. दक्षिणेतलं गाव, कुळी, कोणत्या स्वारीत कोण उत्तरेला आलं, माहेर, सासर, मामासाहेबांचा हुद्दा, चिरंजिवांची पदवी, यातलं काही सुटत नाही. त्या खुर्चीतून उठल्या. पदर सावरला. ओठ हलले, पण त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. सगळी ओळ ऐकत होती. शेवटी त्या म्हणाल्या,

'मैं... मंगलवार को आती हूँ.'

अधिकारी पुढे गेला. ओळीत आधी एक जण हसला, मग दोघं, मग सगळेच. त्या हसण्यात राग नव्हता, सुटका होती, पण सुटका ज्याच्यापासून झाली त्यालाच ती ऐकावी लागते तेव्हा रागापेक्षा जास्त लागते. मामीसाहेबांनी रावजींना 'चला' म्हटलं. बसमध्ये सिथोलीचं रेल्वे फाटक गेल्यावर म्हणाल्या, 'म्हणजे ते घाबरत होते.'

'हं.'

'आम्हाला वाटलं, त्यांच्यात रीत आहे.'

मी पुण्याचं तिकीट काढून देऊ का, असं विचारलं. त्यांनी रावजींच्या मोडक्या कानावरून हात फिरवला.

पुढच्या मंगळवारी मी थाटीपुरात गेलो तो त्यांची समजूत घालायला. तर मामीसाहेब जाकीट काढून ठेवून, साध्या शालीत, थर्मास भरून दारात उभ्या.

'आपण जाणार?'

'भूरीचा खोकला कसा आहे हे त्या गडबडीत विचारायचं राहिलं.'

'मामीसाहेब, ते लोक आता...'

'आता त्यांना माहीत आहे आम्ही कोण ते. आजवर माहीत नसताना गेलो. आज जायला नको?'

गेलो. ओळीच्या तोंडाशी कुजबुज झाली नाही. कोणी उठलं नाही. गिर्राजच्या दुकानापुढे खुर्ची होती, तिच्यावर गिर्राज बसला होता. रावजी त्यांच्या नेहमीच्या जागी बसायला गेले तर कोणीतरी 'हट' म्हणून काठी आपटली. रावजी उडाले नाहीत की भुंकले नाहीत. नुसते मामीसाहेबांकडे बघायला लागले, दुभाष्याकडे बघावं तसे. गिऱ्हाइकं धक्के देत पुढे सरकत होती. मामीसाहेब त्या गर्दीत उभ्या राहिल्या आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, 'गिर्राजजी, भूरी कैसी है?'

गिर्राजनं तराजूवरून मान वर केली नाही. 'ठीक है. लेना क्या है, अम्मा?'

मामीसाहेबांना काही घ्यायचं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या थकलेल्या दिसल्या. मी म्हटलं, चला आता. त्या वळल्या. तेवढ्यात दुकानाच्या मागच्या बाजूनं, गोणपाटाच्या आडून, एक खरखरीत आवाज आला.

'काए ठाड़ी है? बैठ जा इतै.'

गिर्राजची म्हातारी आई मटारच्या ढिगापुढे फतकल मारून बसली होती. आजवर तिला मी कधी पाहिलं नव्हतं. मैडम आल्या की मुलगा तिला मागे दडवायचा, तोंडातून खरं काही निघू नये म्हणून. तिनं शेजारचं पोतं थापटलं. मामीसाहेबांना असं 'बैठ जा' म्हणणारं माणूस या जगात उरलेलं नव्हतं. मला वाटलं, आता इथे काहीतरी पेट घेणार. मामीसाहेब क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग, शाल सावरून, पोत्यावर बसल्या.

'आप भूरी की... देखभाल आप करती हैं?'

'कौन भूरी?'

'भैंस.'

म्हातारी हसता हसता ढिगावर आडवी व्हायची बाकी राहिली. 'भैंस तो हमाए घर में है ही नईं, बाई. दूध तो टंकी वारो दे जात है. जे लरका तुम्हाए डर के मारे रोज नई बात बनात थो.'

वर्षभर मामीसाहेबांनी त्या म्हशीची काळजी केली होती. तिच्या चाऱ्याची, तिच्या रेडकाची, पावसाळ्यात तिच्या गोठ्याची. मला तर वाटतं, रविवारच्या फोनवर चिरंजिवांनी वेळ दिला असता तर त्यांनी तिच्याबद्दलच सांगितलं असतं. त्यांनी विचारलं, 'मग खोकत कोण होतं?'

त्या मराठीत बोलल्या होत्या, पण म्हातारीला बरोबर कळलं. 'मैं,' ती म्हणाली. 'खाँसी तो मेई थी. और जो तुम सोंठ-गुड़ देत थीं, सो मैंने खाओ. ओई से तो गई खाँसी.' आणि मटारच्या शेंगांची ओंजळ तिनं मामीसाहेबांच्या ओच्यात टाकली. 'छील. बैठे-बैठे का करेगी?'

मामीसाहेबांनी पहिली शेंग उचलली, उलटसुलट करून बघितली, आणि फोडली. मग पुढची. सोलता सोलता विचारू लागल्या, टाकीवाला कधी येतो, दूध किती पातळ असतं, खवा कोण आटवतं. म्हातारी खरी खरी उत्तरं देत होती आणि तिकडे तराजूपाशी गिर्राज दर उत्तराला दचकत होता. रावजींना कोणी बसा म्हटलं नाही, तरी ते दोघींच्या मध्ये, टरफलांवर जाऊन बसले. मी उभा होतो. मला कोणी शेंगा दिल्या नाहीत. थोडा वेळ लोहाराकडे जाऊन ठिणग्या बघितल्या, एकट्यानं एक पेरू खाल्ला, तो निम्म्यावर जाईना.

परतीच्या बसमध्ये मामीसाहेबांची बोटं हिरवी झाली होती. त्या ती पुनःपुन्हा बघत होत्या. किल्ला दिसायला लागल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. 'भाचेराव, आमच्यासाठी आपण फार तसदी घेतलीत. सोबतीला म्हणून सगळी कामं टाकून येत होता. आता पुढच्या मंगळवारपासून नाही आलात तरी चालेल. आम्ही जाऊ.'

'बरं,' मी म्हटलं. 'तशी कामं खूप साठली आहेत माझी.'

'तेच म्हणतो आम्ही.'

त्या अजून जातात. गेल्या महिन्यात म्हातारीनं त्यांना दुपारभर मुळे निवडायला बसवलं आणि निवडलेले चुकले म्हणून बोलली, असं त्या फोनवर कौतुकानं सांगत होत्या. मी मंगळवारी सकाळी उठतो, दाढी करतो, कपडे बदलतो. मग पाटणकर बाजारापर्यंत एक चक्कर मारून परत येतो आणि घड्याळाकडे बघतो. मंगळवार एवढा मोठा असतो, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.